उताराला आडवे तास

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत चौथी-पाचवीच्या वर्गाला 'निसर्गचित्र काढा' असं सांगून बघा. मुलं बीडची असोत की दापोलीची, कागदावर येणारं चित्र बहुधा एकच असतं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगराच्या पायथ्यातून निघून कागदाच्या खालच्या कडेपर्यंत रुंद होत येणारी निळी नदी, नदीकाठी झोपडी आणि झोपडीला टेकून नारळ. बीडच्या मुलाच्या गावात नारळ नसतो. त्याच्या गावची नदी उन्हाळ्यात नुसती वाळू असते. आणि सह्याद्रीतला डोंगर त्रिकोणी तर क्वचितच दिसतो. तरीही पोर तेच काढतं, कारण गुरुजींनी फळ्यावर ते काढलेलं असतं आणि गुरुजींना त्यांच्या गुरुजींनी. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांसाठी स्मरणचित्राचा सराव करताना हा साचा आणखी घोटून घेतला जातो.

मोठेपणी हे चित्र सुटत नाही, फक्त सफाईदार होतं. निसर्गचित्रांच्या प्रदर्शनात चक्कर मारा. घाट, दीपमाळ, पडका वाडा, बैलगाडी, डोईवर घागर घेतलेली नऊवारीतली बाई आणि पाण्यात पडलेलं या सगळ्याचं प्रतिबिंब. हात तयार असतो, कागद भारी असतो, पाण्यावर हुकमत असते. पण 'हे कुठलं गाव?' असं विचारलं तर चित्रातून उत्तर मिळत नाही. या मांडणीचं मूळ जुनं आहे. थॉमस आणि विल्यम डॅनियल हे इंग्रज चित्रकार काका-पुतणे १७८६ मध्ये हिंदुस्थानात आले, देशभर हिंडले आणि परत गेल्यावर १७९५ ते १८०८ या काळात 'ओरिएंटल सीनरी' या नावाने त्यांनी १४४ छापचित्रं प्रसिद्ध केली. भग्न देऊळ, मोठं झाड, पाणी आणि आकाराचा अंदाज यावा म्हणून पेरलेली चार माणसं, ही इंग्लंडहून आणलेली मांडणी. पुढे १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघालं, इंग्रज शिक्षक आले, जलरंगाचं तंत्र आलं आणि त्यासोबत ही नजरही रुजली. तंत्र आपण इतकं पचवलं की मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिकच्या जलरंगाला आज स्वतःची ओळख आहे. नजर मात्र पुष्कळ ठिकाणी अजून पाहुण्याचीच राहिली आहे.

गावाचं चित्र बोलकं कशानं होतं आणि ते शिकता येतं का, हा प्रश्न घेऊन मी पुरंदर तालुक्यात जाणाऱ्या एका गटाबरोबर गेल्या हिवाळ्यापासून हिंडले. गटात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, हिंजवडीत नोकरी करणारी दोन मुलं आहेत, कला महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी आहे आणि दोघी गृहिणी आहेत. शिकवणारे सर आयुष्यभर माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. गाव सासवडच्या पुढचं, कऱ्हेच्या खोऱ्यातलं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. रविवारी सकाळी तिथं गाड्यांची रांग लागावी असं गावातल्या कुणालाच वाटत नाही.

सरांचा पहिला नियम नव्या माणसाला जाचतो. पहिला तास रंगाची पेटी उघडायची नाही. शेतं फिरून यायची, भेटेल त्याला त्या शेताचं नाव विचारायचं आणि वहीत पत्त्याच्या पानाएवढ्या चौकटी आखून पेन्सिलीनं तीनच छटांत जागा मांडायची: उजेड, मधला, काळोख. शेताचं नाव का विचारायचं, हे सुरुवातीला कुणालाच उमगत नाही. पण गावात प्रत्येक तुकड्याला नाव असतं. माळाचं, वढ्याकडचं, विहिरीचं, आंब्याचं, पांढरीतलं. 'वढ्याकडचं' म्हटलं की जमिनीचा उतार कुठल्या बाजूला आहे ते कळतं. 'आंब्याचं' म्हणतात आणि आंबा कुठेच दिसत नाही, तेव्हा तो कधी पडला हे कुणीतरी सांगतं. चित्र काढणाऱ्याला ही माहिती लागते. समोर दिसणाऱ्या शंभर गोष्टींतल्या नव्वद सोडायच्या असतात, आणि कुठल्या सोडायच्या हे ठरवायला जागेची ओळख लागते. डोळे किलकिले करून बघायला कुणीही शिकवेल. किलकिल्या डोळ्यांनी बारकावे पुसले जातात आणि मोठे आकार उरतात, हे खरंच आहे. पण त्या उरलेल्या आकारांपैकी कुणाला मान द्यायचा हे डोळे सांगत नाहीत.

दुसरी गोष्ट उजेडाची. इंग्रजी पुस्तकांतून जलरंग शिकलेल्या माणसाचा इथे पहिला घोळ होतो तो सावल्यांचा. लांब, तिरप्या, निळसर सावल्या तिथे दिवसभर मिळतात, कारण तिकडचा सूर्य फार वर चढतच नाही. आपण साधारण १८ अंश अक्षांशावर राहतो. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्या वेळी झाडाची सावली झाडाच्या बुडाशी गोळा होते, भिंतीला सावलीच नसते आणि सगळं शिवार भाकरीच्या तव्यासारखं एकाच छटेत तापलेलं दिसतं. डिसेंबरच्या अखेरीस मात्र सूर्य दुपारीही ४८ अंशांच्या आसपासच पोचतो आणि माणसाची सावली त्याच्या उंचीहून थोडीच कमी पडते. म्हणून पुरंदरातली चित्रं पौषात काढायला सोपी आणि वैशाखात अवघड. सर गटाला दोन्ही वेळा नेतात. वैशाखातल्या दुपारचं चित्र काढायचं तर सावलीची रंजकता सोडून द्यावी लागते. मग पांढरट आभाळ, त्याहून थोडी गडद जमीन आणि बाभळीच्या बुडाशी साचलेला काळा ठिपका एवढ्यावर उन्हाची धग उभी करावी लागते. गटातल्या कॉलेजच्या मुलीनं तसं एक चित्र केलं. त्यात जवळजवळ काहीच नव्हतं आणि ते बघताना डोळे आपोआप बारीक होत होते.

हिवाळ्यातल्या एका सकाळचा प्रसंग सांगते. शाळू निसवायच्या बेताला होता, खालच्या अंगाला वाटाण्याचे वाफे होते आणि वरच्या अंगाला नुकतीच नांगरट झालेली एक पट्टी होती. निवृत्त काकांनी ती पट्टी चित्राच्या पुढच्या भागात घेतली. नांगरटीच्या रेघा त्यांनी कागदाच्या खालच्या कडेपासून पसरत्या सुरू करून दूर डोंगराकडे एका बिंदूत नेल्या होत्या, म्हणजे खोली दिसावी म्हणून. पुस्तकात असंच सांगतात आणि चित्र देखणंही झालं होतं. शेताची मालकीण, साठीची बाई, डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन बांधावरून चालली होती. ती थांबली, भारा न उतरवता चित्र बघितलं आणि म्हणाली, "आवं भाऊ, उताराला सरळ तास कोन पाडतंय? एका पावसात सगळी माती वढ्याला जाईल की."

काकांनी वर बघितलं. समोरच्या शेतात तास खरोखरच आडवे होते. उताराला काटकोनात, डावीकडून उजवीकडे, बांधाच्या वळणाबरोबर किंचित वळत जाणारे. ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते आणि दिसले कुणालाच नव्हते. पाऊस कमी आणि आला तर धो-धो, अशा या पर्जन्यछायेच्या मुलखात माती आणि पाणी दोन्ही धरून ठेवायचं तर नांगर उताराला आडवाच चालवावा लागतो. बांध आडवे, ताली आडव्या, तास आडवे. सरांनी काकांना चित्र फाडू दिलं नाही. शेजारी नवा कागद लावला आणि तीच जागा आडव्या रेघांनी मांडायला सांगितली. खोली दाखवायला मग वेगळा उपाय लागला. जवळचे तास रुंद आणि ढेकळांनी खडबडीत, पलीकडचे एकमेकांना चिकटत चाललेले, आणखी पलीकडे नुसता तपकिरी पट्टा. डोंगराकडे पळत सुटणारी नजर आता पायरी-पायरीनं वर चढू लागली. चित्र संथ झालं, जड झालं, आणि ते पुरंदरचं झालं. शेजारचं पहिलं चित्र कुठल्याही देशातलं असू शकलं असतं.

मला जे म्हणायचं आहे ते या दोन कागदांत आहे. अभिव्यक्ती म्हणजे कुंचल्याचे सपकारे, भडक रंग, थापीनं ओढलेले थर असा समज गेल्या काही वर्षांत फार पसरला आहे. पण जोर हाताच्या आधी समजेतून येतो. जमिनीवरची प्रत्येक रेघ कुणीतरी ओढलेली असते: पाण्यानं, दगडानं, नांगरानं किंवा भावकीच्या वाटणीनं. ती तशी का आहे हे ज्याला कळतं त्याच्या हातून ती जोरकस येते. मग सपकारा मारला तरी शोभतो आणि नाजूक रेघ ओढली तरी बोलते.

डोंगराचंही तसंच. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि दख्खनचं पठार घडलं. सगळे थर सारखे टणक नाहीत. टणक थराचा उभा कातळकडा होतो, ठिसूळ थर झिजून त्याचा उतार होतो आणि उतारावर माती साचून गवत-झुडपं वाढतात. म्हणून आपला डोंगर कडा-उतार-कडा-उतार असा चढतो आणि माथ्यावर बहुधा सपाट होतो. पुरंदर आणि वज्रगड या किल्ल्यांची जोडी सासवडच्या बाजूनं बघा. आभाळाला टेकलेली त्यांची रेघ ठिकठिकाणी आडवी होते, मग एकदम खाली येते, पुन्हा आडवी होते. शाळेतल्या त्रिकोणात ही एकही गोष्ट नाही. सर विद्यार्थ्यांना डोंगर रंगवायच्या आधी त्याची आभाळाकडची रेघ पेन्सिल न उचलता ओढायला लावतात. ती जमली की आतला भाग अल्ट्रामरीनच्या पातळ पाण्यानं भरला तरी डोंगर ओळखू येतो.

आणि रंग. पेटीतला यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट सिएना हे सगळे मुळात लोहयुक्त मातीचे रंग. पिवळी माती भाजली की तिच्यातलं पाणी जातं आणि ती लाल होते. वीटभट्टीत जे होतं तेच. कोकणातला जांभा, पाचगणीच्या टेबललँडची लाल कड, घराची वीट, कौलं आणि पेटीतला तांबूस रंग ही एकाच लोहाची रूपं आहेत. त्या रंगाला कागदावर धरून ठेवणारा डिंकसुद्धा बाभळीच्याच कुळातल्या झाडाचा. हे मला कळलं तेव्हा जलरंगाकडे बघण्याची माझी रीतच बदलली. गावाचा रंग दुकानातून आणून गावावर लावायचा नसतो. तो जमिनीतूनच पेटीत आलेला असतो, फक्त योग्य ठिकाणी परत ठेवायचा.

हिरव्याचं दुखणं मात्र निराळं. श्रावणात पुरंदरला गेलात तर सगळंच हिरवं, आणि ट्यूबमधला तयार हिरवा लावला की चित्र लगेच प्लॅस्टिकचं दिसतं. सरांनी त्यासाठी केलेलं प्रात्यक्षिक मी अगदी जवळ बसून बघितलं. ३०० ग्रॅम वजनाचा खरबरीत कॉटन कागद, फळीला चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून ताणलेला. पेटीत हिरवा रंगच नाही. दोन निळे, एक पिवळा, एक ऑकर, एक बर्न्ट सिएना. बाजरीच्या कोवळ्या पानासाठी पिवळ्यात सेरुलियनचा नुसता स्पर्श. बाभळीसाठी अल्ट्रामरीन, ऑकर आणि चिमूटभर सिएना, म्हणजे धुळकट, राखेकडे झुकणारा हिरवा. आंब्यासाठी अल्ट्रामरीन आणि सिएना जवळजवळ काळे होईपर्यंत आणि मग थोडा पिवळा. आभाळाचा वॉश दिल्यावर सर थांबले. कागद तिरपा धरून त्यावरची चकाकी बघत राहिले. पाण्याची तकतक पूर्ण असताना दूरचा डोंगर लावला तर तो आभाळात विरघळतो. पूर्ण वाळल्यावर लावला तर कात्रीनं कापल्यासारखी कड येते. चकाकी नुकती मावळत असते तो क्षण हवा. तेव्हा कड मऊ राहते आणि अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसून डोंगराला धूळ चढते. हा क्षण वैशाखात काही सेकंदांत निसटतो आणि कोकणात आषाढात तासभर येतच नाही. म्हणून पुस्तकातली 'इतकी मिनिटं थांबा' ही सूचना कामाची नाही. कागदाकडे बघत बसण्याला पर्याय नाही.

गोठ्याच्या पत्र्यावर पडलेलं ऊन त्यांनी रंगवलंच नाही. तेवढा कागद कोरा सोडला. पांढऱ्या रंगाची ट्यूब गटात कुणाकडे सापडली तर सर ती शांतपणे स्वतःच्या पिशवीत टाकतात आणि संध्याकाळी परत देतात. पारदर्शक जलरंगाचा हा कडकपणा मुंबईच्या परंपरेतून आलेला आहे. प्र. अ. धोंडांनी कोकणचा किनारा रंगवला तो असाच, कागदाचं पांढरेपण राखून आणि वेगानं. ते पुढे जे. जे.चे अधिष्ठाता झाले, आणि त्यांचं 'रापण' हे आठवणींचं पुस्तक मराठी वाचकांना ठाऊक आहे. त्यांच्या चित्रांतला वेग दिखाऊ नव्हता. ओल्या वाळूवरचा उजेड टिकतोच तेवढा वेळ, आणि तो किनारा ज्याच्या अंगात मुरलेला आहे त्यालाच तो वेग परवडतो.

मुंबईच्या चित्रकलेत रंग मोकळा झाला त्याची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण 'भावपूर्ण' म्हणजे काय याचा एक धडा तिच्यात आहे. नाझींच्या छळामुळे व्हिएन्ना सोडून वॉल्टर लँगहॅमर १९३८च्या सुमारास मुंबईला आले आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'चे कलासंचालक झाले. तुटक, उजळ रंगांनी निसर्ग रंगवायची त्यांची रीत आरा, रझा यांच्यासारख्या तरुण चित्रकारांनी जवळून पाहिली. सय्यद हैदर रझा मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातले, वनखात्यात नोकरीला असलेल्या माणसाचे चिरंजीव. आधी नागपूरच्या चित्रशाळेत शिकले, मग जे. जे.त. चाळीसच्या दशकातली त्यांची मुंबईची जलरंगी दृश्यं रंगानं ओथंबलेली आहेत. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये त्यांना आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार भेटला. चित्रं बघून त्यानं सांगितलं की गुण आहे, पण बांधणी नाही. सेझान या चित्रकाराचा अभ्यास कर. रझांनी ते मनावर घेतलं. १९५० मध्ये ते पॅरिसला गेले आणि पुढची काही वर्षं त्यांनी फ्रान्समधली खेडी रंगवली ती माणसांशिवाय, घरांचे घट्ट आकार एकमेकांत बसवून. हात सैल सोडून रंगाचे लोट वाहू दिले ते त्यानंतर, साठच्या दशकात. तेव्हा त्या कॅनव्हासवर घर नाही, झाड नाही, आणि तरी मंडल्याच्या जंगलातली रात्र आहे. आज आमचे तरुण रझांच्या त्या मोकळेपणापासून सुरुवात करू बघतात. मधली घट्ट बांधणीची वर्षं गाळून तो मोकळेपणा मिळत नाही, हे त्यांना आत्ताच सांगायला हवं.

पुरंदरच्या गटात सगळ्यात मोठा वाद झाला तो निळ्या रंगावरून. माळाच्या शेताच्या वरच्या कोपऱ्यात शेततळं आहे. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ मध्ये आली आणि पुरंदरसारख्या तालुक्यांत अशी तळी ठिकठिकाणी दिसू लागली. मातीचे चौकोनी बांध आणि आत अंथरलेला जाड निळा प्लॅस्टिकचा कागद. तपकिरी, पिवळट, करड्या शिवारात तो निळा असा उठून दिसतो की दुसऱ्या कशाकडे लक्षच जाऊ नये. गटातल्या दोघींनी तळं गाळून त्या जागी बाभळीचं बन टाकलं. हिंजवडीच्या एका मुलानं तळं ठेवलं, पण त्याला ओढ्याच्या डोहाचा आकार दिला. तिथंच चर्चा पेटली. चित्रात कुरूप गोष्ट का घ्यायची, असं एका बाजूचं म्हणणं. चित्रकाराला निवडीचा हक्क आहे, हेही त्यांनी ठासून सांगितलं, आणि तो हक्क आहेच.

पण शेजारच्या बागेत पाणी सोडत असलेल्या शेतकरीदादांनी जे सांगितलं ते मला विसरता येत नाही. अंजिराची बाग दाखवत ते म्हणाले, "हे तळं न्हाई तर ही बाग न्हाई. उन्हाळ्यात हेच पाणी ठिबकनं द्यायचं." पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. अंजिराचं झाड, त्याखालच्या काळ्या नळ्या, वर माळावर निळा चौकोन, ही एकाच वाक्यातली तीन पदं आहेत. त्यातलं एक पद गाळून वाक्य सुंदर करता येईल, पण ते खोटं होईल. सरांनी निर्णय दिला नाही, सगळ्यांना तळं घेऊन एक चित्र करायला सांगितलं. अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकतो, तो चालेना. सेरुलियन आणि थोडा व्हिरिडियन जवळ आला. कॉलेजच्या मुलीनं पूर्ण चित्र मातीच्या रंगांत मंद ठेवलं, आभाळही ऑकरकडे झुकणारं फिकट, आणि निळा फक्त तळ्यात, तोही उन्हाच्या बाजूला कोरा कागद सोडून. वर्षभरात मी बघितलेलं ते सगळ्यात बोलकं चित्र. तहानेचं चित्र होतं ते, आणि त्यात टँकर नव्हता, भेगाळलेली जमीन नव्हती, कपाळाला हात लावून बसलेला म्हाताराही नव्हता.

पुण्यात चौकटी बसवणाऱ्या एका दुकानदाराशी याबद्दल बोलले. त्यांनी धंद्यातली गोष्ट सरळ सांगितली: "कौलारू घर जातं. पत्र्याचं घर कुणी भिंतीवर लावत नाही." त्यांचं म्हणणं बाजाराचं म्हणून बरोबरच आहे. पण कौलांचाही इतिहास बघावा. आज ज्याला आपण अस्सल गावाचं लाल कौल म्हणतो ते मंगळुरी कौल कारखान्यातलं आहे. बासल मिशननं मंगळूरला त्याचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये. त्याआधी गावोगाव कुंभारानं घडवलेली नळीची कौलं होती नाहीतर गवताचं छप्पर. मे महिन्याच्या प्रत्येक निसर्गचित्रात फुलणारा गुलमोहर मूळ मादागास्करचा. म्हणजे परकी, कारखान्यातली, नवी वस्तू आपल्या चित्रांत यापूर्वीही आली आहे आणि चांगली रुळली आहे. पत्र्यावरचं ऊन, तारेच्या कुंपणाला अडकलेली कडब्याची पात, पॉलिहाऊसची दुधी कमान, मोटारीवरचा पत्र्याचा डबा यांनाही कुणीतरी प्रेमानं बघणारा चित्रकार हवा. तो भेटेपर्यंत ती कुरूप वाटत राहणार.

फोटोवरून चित्र काढण्याबद्दल दोनच वाक्यं. फोनचा कॅमेरा सावल्या काळ्या करतो आणि दूरचा डोंगर लहान करतो. आठवणीसाठी फोटो जरूर घ्यावा, पण जागेवर केलेलं पेन्सिलीचं तीन छटांचं टिपण हाताशी नसेल तर घरी बसून केलेलं चित्र बहुधा फोटोचंच होतं.

एकाच जागी पुन्हा पुन्हा जाणं, हा या शिक्षणाचा कणा. कोल्हापूरचे आबालाल रहिमान जे. जे.त शिकून गावी परतले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना मिळाला आणि १९३१ मध्ये ते गेले. मुंबईत राहून नाव कमावण्याजोगा हात होता. पण त्यांच्या निसर्गचित्रांचं जग किती लहान आहे: रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ, आसपासची झाडी. त्याच पाण्यावरचे वेगवेगळे प्रहर. युरोपातली चित्रकला कुठे चालली आहे याची फारशी वार्ताही इथे पोचत नव्हती, त्या काळात त्यांच्या हाताखाली रंगाचे ठिपके सुटे होत गेले ते रंकाळ्याचं पाणी बघून. नंतरच्या पिढीत चंद्रकांत मांडरे यांनी सिनेमा गाजवला आणि पावडर शेडिंगमध्ये निसर्ग रंगवला. राजारामपुरीतला त्यांचा 'निसर्ग' बंगला आज संग्रहालय आहे. नाशिकला शिवाजी तुपे यांनी गोदाघाट असाच आयुष्यभर धरून ठेवला. घाटाच्या चित्रांवर मी वर टीका केली, पण तुपे यांच्या घाटाला ती लागू नाही. त्यांच्या चित्रांत गोदावरी कुठल्या ऋतूत आहे ते कळतं.

पुरंदरचा गट तीच पट्टी अजून रंगवतो आहे. ज्येष्ठात ती ढेकळांची होती, आषाढात तिच्यावर बाजरीची हिरवी रेघ उमटली, भाद्रपदात बाजरी डोक्याएवढी होऊन मागचा डोंगर अर्धा झाकला गेला. काकांच्या वहीत हे सगळे महिने एकाखाली एक आहेत. प्रत्येक पानावर तास, ताली आणि बांध आडवे आहेत, आणि आता ते कुणाला सांगावं लागत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पुष्कळजण गावी असतील. बाजरी निघालेली असेल, शाळूची पेरणी होऊन कोंब वर आले असतील, आभाळ पावसानं धुऊन स्वच्छ असेल आणि दुपारी चारनंतरचं ऊन चित्रासाठी वर्षातलं उत्तम ऊन असेल. चित्रकला येत नाही म्हणून थांबू नका. मुलांना सोबत घ्या, साधी वही आणि एक मऊ पेन्सिल घ्या, आणि आपल्याच शिवारात जाऊन उभे राहा. शेताचं नाव घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. बांध कुठून कुठे जातो, पाणी कुठल्या बाजूला वाहतं, डोंगराची रेघ कुठे आडवी होते एवढंच काढा. पत्र्याची शेड असेल तर शेड काढा, विजेचा खांब असेल तर खांब काढा. कागदाच्या मागे गावाचं नाव, शेताचं नाव, तारीख आणि वेळ लिहून ठेवा, आणि होळीला पुन्हा त्याच जागेवर जा.